गाठ नव्हे, गुठळी

मी ओट्यावर बसून चहा पीत होतो आणि गावानं मला निम्मं जाळून टाकलं होतं. रस्त्यानं जाणारा माणूस गाडी उभी करायचा, हेल्मेट काढायचा आणि मयताच्या घरी आल्यासारखा हळू आवाजात विचारायचा, "कसं हाय आता?" मी म्हणायचो, "मला काय धाड भरलीय?" तर तो खाली बघून म्हणायचा, "धीर सोडू नका." एकजण तर शहाळं ठेवून डोळे पुसत गेला. तो माणूस भावकीच्या बांधावरून माझ्याशी सात जन्म भांडलेला. त्याला रडताना बघून मलाच वाईट वाटलं.

हे सगळं एका शब्दानं केलं. तो शब्द कुठून आला आणि कुठं गेला, ते लिहून ठेवतो. सून म्हणाली, तुम्ही सांगा, मी मोबाईलवर उतरवते. मी म्हणालो, माझं मी लिहीन. चौथीपुढची शाळा मी पाहिली नाही, पण जेवढी पाहिली तेवढी पक्की पाहिली.

आधी आमच्या घराचा मान सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचं गाव इंद्रायणीच्या अंगाला, मोशीच्या अलीकडं. जमिनी गेल्या, त्यांच्यावर इमारती उभ्या राहिल्या, पण भैरवनाथाची यात्रा आहे तशी आहे. पालखी देवळातून हलण्याआधी शिवारातल्या एकेका देवाला नाव घेऊन हाक घालायची आणि प्रत्येक नावामागं सगळ्या गावानं "चांगभलं" म्हणायचं. ह्याला आमच्यात ललकारी म्हणतात. ती आमच्या घरच्या कर्त्या माणसानं द्यायची. वडिलांनी दिली, त्यांच्यामागं मी देतो.

ललकारीला क्रम असतो. देव शिवारात ज्या वाटेनं बसलेत त्याच वाटेनं जायचं. वेशीवरच्या मारुतीपासून निघायचं, म्हसोबा, मुंजोबा, वेताळ, मग वाघजाई, मग नदीच्या डोहावरच्या साती आसरा, मरीआई, असं फिरत परत जोगेश्वरी आणि भैरवनाथापाशी यायचं. आता वाट कुठं राहिलीय? म्हसोबा एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे. वाघजाई एका कंपनीच्या भिंतीच्या आत गेली, तिला शेंदूर लावायला जायचं तर गेटवर पास काढावा लागतो. पण ललकारीत सगळे आपापल्या जागेवर बसलेले आहेत. वडील म्हणायचे, एक नाव राहिलं की तो देव वर्षभर उपाशी. मी एकदाही चुकलो नाही. आणि माईक कधी हातात धरला नाही. माझा आवाज खालच्या आळीपर्यंत पोचतो, हे मी सांगत नाही, खालच्या आळीतली माणसं सांगतात.

माझा एक चुलतभाऊ आहे, माझ्याहून लहान. त्याचा ह्या मानावर फार दिवसांपासून डोळा. दर यात्रेला फेटा बांधून माझ्या शेजारी उभा राहतो आणि विचारतो, "दादा, दमला का?" मी म्हणतो, "तू वाट बघून दमशील."

तर यात्रा महिनाभरावर आली होती. एका सकाळी दाढी करताना माझ्या डाव्या डोळ्यावर वरून पडदा उतरला. दुकानाचं शटर ओढतात तसा. आरशात निम्मा मी दिसेना. थोड्या वेळानं तो आपोआप वर गेला. मी कुणाला बोललो नाही. मोतीबिंदू असेल म्हटलं, ह्या वयाला तो सगळ्यांनाच होतो, त्यात मोठं काय.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, बशीतून चहा पीत होतो आणि बशी हातातून गळाली. उजवा हात माझा नव्हताच जणू, कुणीतरी खांद्याला अडकवून ठेवलेला. चहा धोतरावर सांडला. मी बायकोला म्हणणार होतो, "अगं, फडकं आण." तोंडातून आलं, "म्हैस आण."

ती चुलीपासनं हसली. आमच्याकडं गॅस आहे, पण तिच्या पाणी तापवायच्या चुलीवर कुणी बोलायचं नाही. "म्हैस कुठनं आणू? विकून जमाना झाला की."

मी परत सांगितलं. परत म्हैसच आली. मला कळत होतं की चुकीचं येतंय, पण बरोबर शब्द कुठं ठेवलाय ते सापडत नव्हतं. ती वळली, माझं तोंड बघितलं आणि हातातला डबा तिथंच टाकून धावली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, असं ती सांगते. मुलानं कंपनीत जाणं सोडून गाडी काढली. पण तो गाडी फाटकापाशी आणेपर्यंत माझा हात हलायला लागला, तोंड सरळ झालं, आणि पहिला शब्द मी नीट बोललो तो होता, "कुठं निघालाय?"

मला वाटलं, मी जिंकलो. लकवा आला होता आणि मी त्याला परत पाठवला. लोक वर्षानुवर्षं पडून राहतात, मी चहा गार व्हायच्या आत उठलो. हे मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना सांगणार होतो, पण डॉक्टरांपुढं बढाई नको म्हणून म्हणालो, "जरा चक्कर आली होती."

डॉक्टरांनी ब्लड प्रेशर बघितलं, पित्ताची गोळी लिहायला घेतली. तेवढ्यात दारातनं बायको म्हणाली, "चक्कर न्हाई, साहेब. ह्यांनी फडकं मागायचं तर म्हैस मागितली. बशी गळाली उजव्या हातातली. अन् तोंड असं झालं." तिनं करून दाखवलं.

मी म्हणालो, "तू जरा गप बस गं."

"मी गप बसते. पर तुमी खरं सांगा."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. मला विचारलं, डोळ्याला कधी काही झालं होतं का. मग मला पडद्याचं सांगावं लागलं. बायकोला ते तिथंच पहिल्यांदा कळलं. घरी गेल्यावर काय ऐकावं लागेल त्याचा अंदाज मला तिच्या श्वासावरूनच आला. डॉक्टरांनी त्याच पावली मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथं ज्यानं ज्यानं विचारलं, त्याला त्याला तिनं म्हशीची गोष्ट सांगितली. लिफ्टवाल्यालाही सांगितली.

मोठ्या दवाखान्यात आधी डोक्याचा फोटो काढला, मग मानेची सोनोग्राफी. बायकांच्या पोटाची करतात तशीच, फक्त गळ्यावर. थंडगार चिकट लावलं आणि एक मुलगी गळ्यावरून यंत्र फिरवायला लागली. यंत्रातून माझ्याच रक्ताचा आवाज येत होता. मला मजा वाटली. उजव्या बाजूला पाटाचं पाणी भरभरून वाहावं तसा आवाज, धप, धप, एका लयीत. डाव्या बाजूला यंत्र नेलं तर आवाज बारीक झाला, शिट्टीसारखा. पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी फिस्स करून चिरकत जातं ना, तसा.

मुलीनं यंत्र तिथंच धरून ठेवलं. मी विचारलं, "काय गं बाई, मोटर बंद पडली का?"

"बोलू नका आजोबा, मान हलते."

मग हाताला सुई लावून, औषध सोडून अजून एक फोटो काढला. त्या वेळी अंगातून कोणी ऊन पाणी ओतल्यासारखं वाटलं. सगळे फोटो घेऊन आमची भेट मोठ्या डॉक्टरांशी झाली. हे डॉक्टर नसांचं ऑपरेशन करणारे. माणूस मोकळा, मराठवाड्याकडचा, बोलताना समोर बघून बोलणारा. त्यांनी मला सांगितलं, "बाबा, मानेतून मेंदूकडं रक्त नेणारी मोठी नस असते, दोन्ही बाजूंना एकेक. तुमची डावीकडची चरबीचा थर बसून अरुंद झालीय आणि त्या अरुंद जागी रक्ताची गाठ धरलीय. ऑपरेशन करून काढायला लागेल, लवकर."

मी एवढं सगळं ऐकलंच नाही. मी ऐकलं 'मान' आणि मी ऐकलं 'गाठ'. मधलं सगळं गळून गेलं. मुलाचंही तेच झालं. त्यानं बाहेर जाऊन घरी फोन लावला, "आबांच्या मानेत गाठ निघाली." आम्ही घरी पोचायच्या आत गावाला कळलं होतं.

आमच्याकडं गाठ म्हणजे एकच गाठ. माझ्या थोरल्या भावाच्या गळ्याला आली होती, वडील असतानाच. ती कापली आणि त्यानंतर तो फार राहिला नाही. तेव्हापासून आमच्या घरात पक्कं ठरलेलं आहे, गाठीला सुरी लावायची नाही. लोखंड लागलं की ती पसरते. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळ्यांच्या घरात एक तरी असा माणूस गेलेला आहे. म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन म्हटल्याबरोबर मी म्हणालो, "न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका."

"घाबरतंय कोण? न्हाई म्हणजे न्हाई."

त्यांनी समजावलं, मुलानं समजावलं. पण का नाही, ते मी सांगितलं नाही. गाठीचं नाव तोंडानं काढायचं नसतं. शेवटी डॉक्टर म्हणाले, रक्त पातळ करायच्या गोळ्या देतो, एकही चुकवू नका, बिडी आजपासून बंद, आणि दोन दिवसांत परत या, त्याच्यापुढं मी जबाबदार नाही. बिडी मी दवाखान्याच्या पायरीवरच सोडली. सोडली म्हणजे सोडली. त्याचं कौतुक मात्र कुणी केलं नाही, कारण सगळे माझ्याकडं जाणाऱ्या माणसासारखं बघत होते.

मग ते ओट्यावरचे दिवस. शहाळी, संत्री, धीर धरा. चुलतभाऊ दुसऱ्याच सकाळी आला. माझ्यापुढं उकिडवा बसला, कधी नाही ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"दादा, तू आता कशाची काळजी करू नको."

"मी कुठं करतोय?"

"यात्रेचं मी बघतो. तुला पुढं खुर्ची टाकू. गादीची. तू नुसता बसून ऱ्हा. ललकारी मी देतो."

"तुला क्रम येतो?"

"तेच म्हनलं. तू सांग, मी पाठ करतो. म्हंजी... ऱ्हायला नको मागं, म्हनून."

'मागं' म्हणजे माझ्या मागं. मी त्याला म्हणालो, "वेताळानंतर कोण?"

तो जरा घुटमळला. "मरीआई?"

"ऊठ," मी म्हणालो. "संत्री घिऊन जा जाताना. लई जमलीत."

तो गेला, पण माझ्या मनात भुंगा सोडून गेला. मी मरायला घाबरत नव्हतो. पण मी गेल्यावर हा वाघजाईला आणि आसरांना ओलांडून थेट मरीआईकडं जाणार, गाव चांगभलं म्हणणार आणि कुणाला कळणारही नाही, हे मला झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा परत उतरला. ह्या खेपेला तो फार सावकाश वर गेला. मी चष्मा शोधत चाचपडत होतो. चष्मा नाकावरच होता. बायकोनं ते बघितलं. ती आत जाऊन लुगडं बदलून आली. "उठा."

"मी सांगितलंय, गाठीला सुरी..."

"ते डॉक्टरांपुढं सांगा. मला नगा सांगू. मी ऐकून ऐकून कटाळले."

दवाखान्यात डॉक्टरांनी परत तेच सुरू केलं, नस, चरबी, गाठ. बायकोनं त्यांना मध्येच अडवलं. "साहेब, एक विचारू का? कापल्यावर ती गाठ पसरायची न्हाई ना? ह्यांच्या भावाची पसरली. म्हनून हे नको म्हनत्यात."

डॉक्टर तिच्याकडं बघतच राहिले. मग माझ्याकडं बघितलं. "बाबा, तुम्ही कॅन्सर समजलात का काय?"

मी म्हणालो, "तुमीच गाठ म्हणालात."

"अहो, रक्ताची गाठ! रक्त थिजून घट्ट झालं की..."

"म्हंजी गुठळी?" बायको म्हणाली. "पिठलं हलवायचं ऱ्हायलं की होते, ती?"

"हां, गुठळी! तीच, तीच."

"मग गुठळी म्हना की वो!" ती खुर्चीतून उठलीच. "गाठ कशापायी म्हनता? निम्मं गाव आमच्या घरी रडून गेलं. शहाळ्याच्या पाण्यानं माझी मोरी तुंबली."

डॉक्टरांनी हात जोडले. मोठा माणूस, पण हसता हसता हात जोडले आणि म्हणाले, "आजी, चुकलं. ह्यापुढं गुठळीच म्हणेन." मुलगा खाली मान घालून बसला होता, कारण गावभर गाठ त्यानंच केली होती. माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं, पण ते मी दाखवलं नाही. मी म्हणालो, "बरं. मग यात्रा झाली की करू."

"नाही बाबा. त्या गुठळीचे बारीक कण सुटतायत. एक डोळ्याकडं गेला, पडदा आला. एक मेंदूकडं गेला, हात गळाला, शब्द उलटा आला. तेवढ्यापुरते ते विरघळले. पुढचा विरघळेल असं मी लिहून देऊ शकत नाही."

"माझ्या आवाजाला काय हुईल?"

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला आणि मगच बोलले. हे मला आवडलं. "आवाजाची शीर शेजारूनच जाते. तिला धक्का लागू शकतो. आवाज बसू शकतो. बहुतेकांचा परत येतो."

"बहुतेकांचा."

"हो. सगळ्यांचा म्हणणार नाही."

मी म्हणालो, आवाज जाणार असेल तर मी घरी जातो. आमच्या घराचा मान माझ्या आवाजावर आहे. तो काय चीज आहे ते त्यांना सांगितलं, ललकारी, पालखी, सगळं. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाबा, आवाज राहिला आणि शब्दच गेले, तर पालखीपुढं काय कराल?"

मला तेव्हा स्वतःला दिसलं. फेटा बांधलेला, छाती पुढं काढलेली, सगळं गाव खाली उभं, आणि मी खालच्या आळीपर्यंत पोचणाऱ्या आवाजात ओरडतोय, म्हैस! म्हैस!

"कापा," मी म्हणालो.

त्यांनी अजून एक सांगितलं. मला झोपवणार नव्हते. मान बधिर करणार आणि मला जागा ठेवून बोलत ठेवणार. नस थोडा वेळ बंद करावी लागते, तेव्हा मेंदूला रक्त कमी पडतंय का, ते माणसाच्या बोलण्यावरून आणि हातावरून लगेच कळतं.

"बोलायला मला सांगायला लागत न्हाई," मी म्हणालो.

"गप ऱ्हायचं असतं तर अवघड होतं," बायको म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी माझ्या मानेवर हिरवं कापड टाकलं आणि तोंडावर त्याचा तंबू केला. एका बाजूनं उजेड येत होता, तिथं भूल देणारी डॉक्टरीण बसली होती. माझ्या नातीएवढी दिसत होती, पण हुकूम भारी. तिनं माझ्या उजव्या हातात रबरी बदक दिलं. दाबलं की चूं करायचं. एवढी मोठी यंत्रं, एवढे मोठे डॉक्टर, आणि माझ्या हातात बदक.

"मी म्हणाले की दाबायचं, आजोबा. आणि बोलत राहायचं. वीसपासून उलटे आकडे म्हणा बघू."

"आकडे मी चौथीतच सोडले."

"मग काय येतं तुम्हाला? पाढे, आरती?"

"ललकारी येती."

"ती म्हणा. पण हळू. ओरडलात तर मान हलेल आणि सर मला ओरडतील."

ललकारी हळू म्हणायची, हे मला ठाऊकच नव्हतं. पहिलं नाव मी घेतलं ते असं, की जणू देवाच्या कानात सांगतोय. मारुतीच्या नावानं. पायाशी कुणीतरी सिस्टर होती, तळेगावकडची, ती सवयीनं पुटपुटली, "चांगभलं." मग भूल देणारीही म्हणायला लागली. मानेपाशी ओढाताण कळत होती, दुखत नव्हतं. डोळे मिटले की मी शिवारात असायचो. आता तिथं काय बांधलंय ते नाही, आधी जे होतं ते. एक फेरी पुरी झाली. बदक दाबलं, चूं. दुसरी फेरी सुरू केली.

"बाबा, आता नस बंद करतोय," तंबूच्या पलीकडून डॉक्टर म्हणाले.

मारुती, म्हसोबा, मुंजोबा, वेताळ, वाघजाई. मग मी म्हणालो, मरीआई.

"चांगभलं," दोघी म्हणाल्या.

मला कळलं. साती आसरा राहिल्या. वाघजाईहून नदीकडं उतरायचं, तिथं डोह, तिथं त्या. मी त्यांना ओलांडून आलो. त्या खोलीत कुणालाच क्रम ठाऊक नव्हता. दोघी पुढच्या नावाची वाट बघत होत्या. मी पुढचं नाव घेतलं असतं तर कुणी काही बोललं नसतं. आणि मी ललकारीत कधी चुकलो नव्हतो. एकदाही नाही. ते मोडायला मला त्या टेबलावर जेवढा जोर लागला तेवढा सबंध ऑपरेशनला लागला नाही.

"चुकलं," मी म्हणालो.

"काय चुकलं, आजोबा?"

"आसरा ऱ्हायल्या."

"असू दे, होतं. घाबरल्यावर होतं असं."

"मी घाबरलो न्हाई. मी चुकत न्हाई. चुकलं म्हंजी कायतरी झालंय." शेवटचे शब्द मला जड गेले, तोंडात कापूस भरल्यासारखे.

तिचं हसू गेलं. "बदक दाबा." मी दाबलं. नुसती हवा निघाली, चूं नाही. ती फक्त "सर" म्हणाली. पलीकडून डॉक्टरांचा आवाज, अगदी शांत, नळी मागितली. नंतर त्यांनी मला समजावलं, बंद केलेल्या जागेला वळसा घालून त्या नळीतून रक्त वर सोडतात. पाट फुटला की आपण बाजूनं चर काढून पाणी पुढं नेतोच की. तसंच. पण तेव्हा मला एवढंच कळलं, की तोंडातला कापूस हळूहळू सुटला आणि हातात बदक परत आलं. मी न सांगताच दाबलं. चूं.

"आता परत म्हणा," ती म्हणाली. तिचा आवाज जरा घोगरा झाला होता.

मी परत वेशीपासून निघालो. आसरांचं नाव आलं तेव्हा ते माझ्याकडून मोठ्यानं घेतलं गेलं.

"हळू!" डॉक्टर ओरडले.

मग त्यांनी नस साफ केली, ठिगळ लावून शिवली. बाहेर काढलेलं नंतर आम्हाला दाखवलं. खरपूस पिठल्याची खरवड असते ना कढईच्या बुडाची, तसा पिवळट थर आणि त्याला चिकटलेली काळपट गुठळी, हरभऱ्याच्या डाळीएवढी. बायको म्हणाली, "एवढीशी?" मी ती घरी न्यायला मागितली, गावाला दाखवायला. ती तपासणीला जाते म्हणाले. मग मी मुलाला तिचा फोटो काढायला लावला. घरी आल्यावर जो ओट्यापाशी थांबला त्याला मी तो फोटो दाखवला. गाठ न्हवं. गुठळी. नीट बघ. आणि शहाळ्याबद्दल आभार.

आवाज बसला होता. फुटक्या मडक्यातनं वारं जावं तसा झाला होता. डॉक्टर म्हणाले परत येईल, आणि तो आलाही, पण पुढं कितीतरी दिवसांनी. घरी सोडताना मात्र त्यांनी ताकीद दिली होती, ओरडायचं नाही, मान जपा. मी म्हणालो, दोन्ही जपतो.

यात्रेच्या दिवशी मानेला पट्टी होती. फेटा जरा वर बांधला. देवळाच्या पायरीवर पोचलो तर चुलतभाऊ आधीच उभा, हातात माईक.

"दादा, आता तरी ऐक. आवाज कुठाय तुझा?"

"हाय."

"हा? ह्याला आवाज म्हनत्यात? मग माईक तरी घे."

"माईक न्हाई."

"आवाज न्हाई, माईक न्हाई. खुणा करनार का काय?"

मी हलगीवाल्याला हात केला, थांब. ढोलवाले थांबले. खाली रस्त्यावर डीजे होता, मुलगा उतरून गेला आणि तोही बंद करवला. आमच्या यात्रेत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. हायवेवरची ट्रकची रांग ऐकू येत होती. कुठल्याशा कंपनीचा भोंगा झाला, तो संपेपर्यंत मी थांबलो.

मग मी पहिलं नाव घेतलं, दवाखान्यात घेतलं होतं त्याच आवाजात. पुढच्या रांगेनं ऐकलं आणि म्हटलं, चांगभलं. ते ऐकून मधल्यांनी म्हटलं, मग मागच्यांनी. एरवी सगळं गाव एकदम गरजतं. ह्या वेळी ते पाण्यासारखं वाफ्या-वाफ्यातून खाली गेलं. शेवटचं चांगभलं खालच्या आळीतून आलं की मी पुढचं नाव घ्यायचो. त्यामुळं वेळ लागला, पण कुणी हललं नाही. म्हसोबा झाले, मुंजोबा, वेताळ, वाघजाई. साती आसरांपाशी मी जरा थांबलो, क्रम माझा मीच बघून घेतला, आणि त्यांचं नाव घेतलं. पार भैरवनाथापर्यंत सगळे आपापल्या जागी.

चुलतभाऊ मधल्या मधे कुठं गेला होता कुणास ठाऊक. गर्दीतून धक्के देत तो वर आला, घामानं भिजलेला. "दादा, मी मुद्दाम मागं जाऊन उभा ऱ्हायलो. मागं काय बी ऐकू येत नव्हतं."

"मग चांगभलं म्हनलास का न्हाई?"

"पुढचे म्हनत होते, म्हनून म्हनलं."

"मग पोचलं की," मी म्हणालो, आणि पालखीवाल्यांना उचला म्हणून हात केला.